बँकॉकच्या खिडकीतली संकष्टी

खोटं कशाला सांगू, त्या आठवड्यात देवावरचा माझा विश्वास पार आटला होता. माझा एकुलता एक मुलगा चाकणच्या कंपनीतर्फे मशीन बसवायला बँकॉकला गेला आणि तिथे त्याचं अपेंडिक्स फुटलं. बरोबरच्या मित्राचा मला रहाटणीच्या घरी फोन आला, "काकू, ऑपरेशन झालंय, पण तो अजून शुद्धीवर नाही. तुम्ही याच. पुण्याहून थेट विमान आहे, चार तासांत पोचाल." मी म्हटलं, "चार तास? अरे, त्याला शिफ्ट सुटल्यावर चाकणहून घरी यायलाच दोन लागतात!" माझा पासपोर्ट पोरानेच हौसेने काढून ठेवला होता. हे गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, त्यामुळे बरोबर येणार तरी कोण?

निघाले तो दिवस नेमका संकष्टीचा. एरवी मी साबुदाणा, ताक घेऊन उपास करते. पण त्या दिवशी हट्टाला पेटले. बाप्पाला बजावलं, चंद्र दिसेपर्यंत पाण्याचा थेंब घेणार नाही, तोवर माझ्या लेकराने डोळे उघडले पाहिजेत. भक्ती कसली मेली, सौदाच होता तो. जवळपास तीन हजार किलोमीटर मी कोरड्या तोंडाने बसून काढले. विमानातली मुलगी पाणी घेऊन आली की मी नुसती मान हलवायची.

हॉस्पिटलात पोचले तेव्हा अंगात त्राण उरलं नव्हतं. त्याचा मित्र कागदपत्रं पुरी करायला खाली गेला. नर्स मला आत सोडायला तयार होती, पण उठताच अशी भोवळ आली की तिने पुन्हा बाकावर बसवलं. दारापलीकडे माझा मुलगा आणि मला चार पावलं टाकवेनात! मनगटावरच्या घड्याळात साडेसात. घरच्या कॅलेंडरात चंद्रोदय नऊच्या पुढे. रडूसुद्धा येईना, इतकी शिणले होते.

फरशी पुसणाऱ्या बाईला माझ्या हातातला बाप्पाचा फोटो दिसला. तिने फडकं बाजूला ठेवून हात जोडले. अगं बाई, हिला बाप्पा ठाऊक? तिने पाणी आणलं. मी वर बोट दाखवून हवेत गोल काढला. ती हसली, दंडाला धरून मला खिडकीपाशी घेऊन गेली. इमारतींच्या वर चंद्र चांगला हातभर आला होता! घड्याळ माझं अजून पुण्याचं, इथल्यापेक्षा दीड तास मागे. इतकं पूर्वेला आल्यावर चंद्र आधीच दिसणार, हे थकलेल्या डोक्यात आलंच नव्हतं. आम्ही दोघींनी नमस्कार केला. मी गटागटा पाणी प्यायले, तिने दिलेलं केळं खाल्लं आणि मग मात्र हमसून रडले.

पायात जोर आल्यावर आत गेले. त्याचे डोळे मिटलेलेच होते. आता मात्र अट घालायची ताकदही नव्हती आणि इच्छाही. त्याचा हात हातात घेतला, म्हटलं, "बाप्पा, तुला वाटेल तेव्हा उठव. मी इथे बसले आहे." किती दिवसांनी छातीवरचा दगड हलला. तशीच पलंगाच्या कडेला डोकं टेकून झोपले.

जाग आली ती त्याच्या बोटांनी. घसा बसलेला, आवाज जेमतेम. "आई, तू एकटी एवढ्या लांब आलीस कशी?"

"मी कुठली येतेय रे," मी म्हटलं, "आणलं मला."