भुताचा टोप पडला

फिलेमू कुत्र्यांना भ्यायची, समुद्राच्या गाजेला भ्यायची, आणि सगळ्यात जास्त भ्यायची ती माणसांना. सामोआतल्या सवाईई बेटावरच्या तिच्या गावात घरांना भिंती नव्हत्या, नुसते खांब आणि वर छप्पर. त्यामुळे कोण जेवतंय, कोण रडतंय, कोण कशाला घाबरतंय हे साऱ्या गावाला दिसायचं. पोरं तिला ‘भित्री भागूबाई’ म्हणून चिडवायची, आणि खोटं काहीच नव्हतं त्यात.

तिच्या भीतीची एक वेगळीच तऱ्हा होती. फार घाबरली की तिला स्वतःचा आवाज सापडत नसे. समोरच्या माणसाचाच आवाज तिच्या तोंडून निघे. नऊ वर्षांची असताना रविवारच्या वर्गात पाद्रीबुवांनी तिला उभं केलं. “म्हण पुढची ओळ.” फिलेमू बोलली ते थेट पाद्रीबुवांच्या नाकातल्या आवाजात, त्यांच्या खोकल्यासकट: “म्हण पुढची ओळ, ख्यॅक्!” वर्गात हशा पिकला. पाद्रीणबाईंनी झाडू घेऊन तिच्या पोटऱ्या लाल केल्या. “थट्टा करतेस?” थट्टा कसली, तिचा जीव जात होता.

हे ऐकून एकच माणूस मनापासून हसला, तिचा मामा पेलेनातो. गावातल्या सोंगाड्यांचा तो म्होरक्या. त्यांच्या खेळात मुख्य सोंग भुताचं असायचं. डोक्यावर नारळाच्या काथ्याचा टोप चढवायचा आणि मग गावातल्या बड्या मताईंची, म्हणजे कुळप्रमुखांची, खुशाल नक्कल करायची. भुताच्या बोलण्याचा जाब माणसाला कोण विचारणार?

“टोप डोक्यावर आहे तोवर बोलतंय ते भूत,” मामानं तिला खेळात घेताना बजावलं. “टोप उतरला की बोलतेस ती तू. एवढं विसरलीस तर मी तुझा मामा नाही.”

म्हातारे सोंगाडे कुरकुरले. “बाई कशाला खेळात?”

“भुतात बाई-पुरुष असतो होय रे?” मामा म्हणाला, आणि विषय संपला.

तेराव्या वर्षी ती पहिल्यांदा लोकांसमोर उभी राहिली. गावातल्या बायकांची मंडळी घरोघरच्या चटया आणि मच्छरदाण्या तपासायची, त्या तपासणीच्या दिवशी. खेळाआधी ती फणसाच्या झाडामागे जाऊन ओकली. मग टोप घालून तिनं मंडळीच्या प्रमुखबाईंची चाल धरली, थरथरतं बोट रोखून ‘ही चटई कुणाची?’ म्हणून डाफरली. बायका हसून लोळल्या. बोट खरंच थरथरत होतं, पण लोकांना तो अभिनय वाटला. पुढची चार वर्षं शेजारच्या गावांतून बोलावणी येत राहिली, आणि प्रत्येक खेळाआधी ती ओकत राहिली.

ती सतरा वर्षांची असताना गावात नवं चर्च उघडलं. तीन गावांचे पाहुणे, डुकरं भाजलेली, भर दुपारी खेळ. पुढच्या ओळीत गावचा सगळ्यात मोठा मताई ताउआफा बसलेला. सरकारनं गावाला दिलेला नळ त्यानं आपल्या न्हाणीच्या हौदाकडे वळवून घेतला होता. खालच्या आळीला थेंब थेंब पाणी यायचं. सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी ब्र काढत नव्हतं.

फिलेमूचं भूत पाणी मागत मांडवात शिरलं. पोट पुढे, चवरी खांद्यावर, हुबेहूब ताउआफाची चाल. लोक पोट धरून हसत होते. तिनं गर्रकन गिरकी घेतली आणि टोप उडून धुळीत पडला. उघड्या केसांना वारा लागला. तिनं मान वर केली तर समोर ताउआफाचे डोळे. ती इतकी घाबरली की त्याचाच घोगरा आवाज तिच्या तोंडून निघाला:

“पाणी आधी माझ्या हौदात. उरलं तर तुमच्या लेकरांना!”

कुणी हसलं नाही. एक तान्हं मूल तेवढं रडत होतं. ताउआफा उठला आणि निघून गेला.

संध्याकाळी त्याचा माणूस फिलेमूच्या घरापाशी आला. “परवा सभा आहे. गाव सोडायची तयारी ठेवा.” आईनं चटया गुंडाळायला घेतल्या. “माझ्यामुळे गं,” फिलेमू म्हणाली. आई म्हणाली, “भांडी आण.”

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मामा तिला घेऊन ताउआफाच्या घरासमोर गेला. पुढ्यात सरपण, पानं आणि दगड मांडले. आम्हाला भाजून खा, एवढे आम्ही तुमचे अपराधी, असा त्याचा अर्थ. मग दोघं मांडी घालून बसली आणि मामानं घरातली सगळ्यात मोलाची तलम चटई दोघांच्या डोक्यावरून ओढली. मताईनं चटई उचलली तर माफी. नाही उचलली तर त्याच्या पोरांना या दोघांवर हात टाकायला मोकळं रान.

आत काळोख आणि उकाडा. ऊन चढत गेलं. जवळच कुणीतरी दगडावर कोयता घासत होतं. सर्र, सर्र.

“मामा, तो काय करतोय?”

“नारळ फोडायचे असतील.”

“नारळाला धार लागते?”

मामानं चटईची कड आणखी खाली ओढली. फिलेमूनं कमरेला गुंडाळलेल्या लावालावाचं, म्हणजे लुंगीचं, टोक दातांत धरलं. बोलायचं नाही, कुणी काही विचारलं तरी बोलायचं नाही, तोंड उघडलं तर त्याचाच आवाज येईल. घासणं थांबलं. पावलं जवळ आली आणि अगदी पुढ्यात थांबली. तिनं डोळे घट्ट मिटून घेतले.

चटई उचलली गेली.

“टोप कुठंय?” ताउआफानं विचारलं.

“घरी,” ती पुटपुटली. आवाज तिचाच होता, चिमणीएवढा.

“तो डोक्यावर असता तर मीही हसलो असतो. लोकांपेक्षा मोठ्यानं.” त्यानं चटई बाजूला ठेवली. “चला आत. कोको प्या.”

कपावर तिचे दात वाजत होते. ताउआफाची बायको कानाशी वाकून म्हणाली, “अगदी यांच्यासारखी बोललीस गं!” त्यानं डोळे वटारले तशी ती मागे सरली.

चटया पुन्हा उलगडल्या गेल्या. नळ मात्र नाताळ उलटून गेल्यावर एके दिवशी सरळ झाला, कुणी केला ते कुणी विचारलं नाही.

पुढे फिलेमू राजधानीत, आपियाला गेली, रेडिओवर गाजली. ऑकलंडमधल्या सामोअन लोकांनी तिच्यासाठी सभागृहं भरली. बसचालक इओआने तिचा नवरा. पडद्यामागे एका हातात बादली आणि दुसऱ्या हातात बायकोचा हात धरून तो उभा असे.

“आज नको जाऊस,” तो दर वेळी म्हणायचा.

“नाहीच जात,” ती म्हणायची. आणि नाव पुकारलं की हात सोडवून जायची.