वाटाण्याएवढा टवका

सकाळी सात वाजता काचताईच्या घरात रोजचीच धांदल होती. नवऱ्याचा चष्मा सापडत नव्हता, दूध उतू जायच्या बेतात होतं, आणि तेवढ्यात दार वाजलं.

दारात ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर. ताडमाड उंच, पण चेहरा एवढासा झालेला. पुढच्या ट्रकच्या चाकाखालून खडा उडाला आणि गाडीच्या समोरच्या काचेचा टवका गेला. दुपारी चारला त्याच गाडीवर त्यांच्या तीन शिष्यिणींची लायसन्सची परीक्षा होती.

काचताईचे हात शिवशिवायला लागले. घराला लागून असलेल्या शेडमध्ये ती वीस वर्षं गाड्यांच्या काचा बसवत होती, तरी गाडी दारात आली की तिला अजून घाईच सुटायची. गॅस बंद करून ती भिंग घेऊनच बाहेर पडली.

टवका वाटाण्याएवढा. कडेपासून लांब, तडा फुटलेला नाही. असा टवका राळ भरून अर्ध्या तासात बुजतो, जागेवर फक्त पुसट डाग राहतो. तो डाग चालवणाऱ्याच्या नजरेसमोर येत असेल तर मात्र काच बदलायची, हा तिचा नियम. मास्तर सीटवर बसले आणि म्हणाले, पार खाली आहे, दिसतसुद्धा नाही, बुजवून टाका.

ती राळेची नळी घ्यायला वळली आणि थबकली. परीक्षा काय मास्तर देणार होते?

तिने त्यांना उतरवलं, सीट पुरती पुढे ओढली आणि स्वतः बसली. टवका नेमका डोळ्यांसमोर. समोरून जाणारा सायकलवाला त्याच्यामागे क्षणभर गायबच झाला.

"मास्तर, तुमच्या उंचीला टवका नाही, आमच्या उंचीला आहे. काच बदलायची."

मास्तर कासावीस झाले. नवी काच चिकटून पक्की व्हायला सहा तास लागतात, हे त्यांनाही ठाऊक होतं. काचताईने घड्याळ पाहिलं. दहाच्या आत बसली तर जमेल. त्या मापाची एकच काच शेडमध्ये होती, म्हणजे चुकायची सोय नव्हती.

नवरा चष्मा लावून दारात आला. "ती माझं ऐकत नाही, तुमचं काय ऐकणार? धरा काचेची दुसरी बाजू," तो मास्तरांना म्हणाला.

कडेचा गोंद कापून जुनी काच निघाली, चौकट घासून लख्ख झाली. मग काचेला घट्ट चिकटणारे रबरी कप लावून मास्तरांनी आणि तिने नवी काच उचलली. साडेनऊला काच चौकटीत अलगद, केसभरही न सरकता बसली.

साडेतीनला मास्तर गाडी न्यायला आले, तेव्हा ती आतून काच पुसत होती. सीट अजून पुढेच होती. वीस वर्षं या जागेवर ती पुसायलाच बसली होती. आज फडकं मांडीवर पडलं आणि दोन्ही हात स्टीअरिंगवर गेले.

मास्तरांनी विचारलं, किती द्यायचे?

"काचेचा दर आहे तोच द्या," ती म्हणाली. "आणि मला गाडी शिकवा."