गळलेलं ‘नाही’

कोर्टात सगळे तिला टायपिस्टमावशी म्हणत. एकतीस वर्षं न्यायाधीश साहेब सांगायचे आणि मावशीची बोटं धावायची. मग नवा नियम आला: माणूस जे बोलेल तेच शब्दशः उतरवायचं, आवाजही जपून ठेवायचा. टायपिंग संगणकाकडे गेलं आणि मावशीच्या हाती उरलं माइक चालू-बंद करणं. “आता मी म्हणजे दिव्याचं बटण,” ती घरी बहिणीला सांगायची. निवृत्तीला तीन महिने राहिले होते.

त्या दिवशी आरोपीच्या पिंजऱ्यात दवाखान्यातली एक आया उभी होती. म्हाताऱ्या पेशंटला जिन्यावरून ढकलल्याचा आरोप. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, मोफत मिळालेला वकील अगदीच कोवळा, आणि तिचा आवाज असा, की ऐकणाऱ्याला पुढे झुकावं लागे.

“मी त्यांना धरलं,” ती म्हणाली. “ढकललं नाही.”

नेमकी तेव्हाच कुणाची तरी खुर्ची करकरली. पडद्यावर अक्षरं उमटली: मी त्यांना धरलं ढकललं.

मावशीने ती ओळ पुन्हा वाचली. वकिलाचं डोकं कागदांत. “झालं? अंगठा घ्या,” साहेब म्हणाले. छापील पान आणि शाई घेऊन शिपाई निघाला.

कर्मचाऱ्याने मध्ये बोलायचं नाही, हा तिथला दंडक. शिवाय मावशीचे कान हल्ली दगा देत. खरंच ‘नाही’ ऐकलं, की मनाचे खेळ? चूक निघाली तर जाता जाता शोभा. तेवढ्यात आयेचा अंगठा शाईत बुडालासुद्धा.

“साहेब, थांबा!”

आपल्याच आवाजाने मावशी दचकली.

साहेबांच्या कपाळावर आठ्या. “तुम्ही कोण? साक्षीदार की वकील?”

“कुणीच नाही, साहेब. पण शब्द गळलाय. आवाज जपलाय ना, एकदा ऐकू या.”

“मावशी, मशीनपेक्षा तुमचे कान तिखट?” सरकारी वकील म्हणाले. खसखस पिकली. साहेब मात्र हसले नाहीत. “लावा.”

पहिल्यांदा नुसती करकर. मावशी यंत्राकडे झुकली. तिने आवाज शेवटपर्यंत वाढवून पुन्हा लावलं. करकर, आणि तिच्या आडून, सुतासारखं बारीक: नाही.

कोवळा वकील ताडकन उठला. आयेला कशाचाच पत्ता नव्हता. ती शाईचा अंगठा हवेत धरून एकेकाकडे बघत राहिली.

जबाब दुरुस्त झाला आणि पुढे दोन महिन्यांनी आया सुटली. मावशीला मध्ये बोलल्याबद्दल लगेच लेखी ताकीद मिळाली होती. त्याच आठवड्यात साहेबांनी हुकूम काढला: अंगठा किंवा सही घेण्याआधी जबाब मोठ्याने वाचून दाखवायचा. वाचायचं काम मावशीकडे.

पहिल्याच दिवशी एका सुताराने तिला अर्ध्यात अडवलं. “असं नव्हतो बोललो मी.”

मावशीने माइक चालू केला. “मग कसं बोललात? सावकाश सांगा, दादा.”