सुधाचा मनोरा आणि आमच्या चिप्स

निवृत्त माणसाजवळ किस्से कसे साचतात, हे कपाटावरच्या धुळीला विचारावे. सकाळी पुसून घ्यावे आणि संध्याकाळी पाहावे, तो थर पुन्हा हजर. आमच्या रविवारच्या पोकर मंडळीचे तसेच झाले आहे. एक किस्सा कोणाला सांगून मोकळे व्हावे, तोवर दुसरा दारात उभा असतो. गेले वर्षभर तर माझ्या जिवाला स्वस्थता अशी नव्हतीच, कारण या सगळ्या किश्श्यांच्या मुळाशी एकच प्रश्न होता: आमच्या टेबलावर कोणत्या चिप्स, म्हणजे पैशांऐवजी लावायच्या चकत्या, असाव्यात? तुम्ही हसाल. हसा, पण आधी ऐकून घ्या.

मंडळी चौघांची. खामगावात माझ्या घराच्या पडवीत आम्ही रविवारी दुपारी जमतो. मी शिक्षिका होते त्याच शाळेत सुधा चित्रकला शिकवत असे. फळ्यावर कंपास न लावता वर्तुळ काढावे ते तिनेच. जोशी बँकेतून निवृत्त झालेले. गजाननराव अमडापूरचे शेतकरी. मुलांच्या शाळेसाठी खामगावात घर केले, मुले शिकून बाहेर गेली आणि हे इथेच राहिले. खेळ शिकवला सुधाच्या मुलाने, मिलिंदने. लॉकडाऊनमध्ये तो पुण्याहून येऊन आईजवळ अडकला, आणि आईला रमीचा कंटाळा आला होता.

पैसे आम्ही लावत नाही. जिंकणाऱ्याने पुढचा फराळ ठरवायचा आणि हरणाऱ्याने तो स्वतः करायचा, एवढीच बाजी. नियम मात्र कडक आहेत, कारण ते मी केले आहेत.

* * *

सुरुवातीला चिप्स नव्हत्या, हरभरे होते. प्रत्येकासमोर एक वाटी. जोशींना विचार करताना तोंड हलवण्याची सवय आहे, हे आम्हाला ठाऊक होते. त्याचा अर्थ काय, हे ठाऊक नव्हते.

एका रविवारी डाव ऐन रंगात आला. गजाननरावांनी आपले सगळे हरभरे मध्ये सारले आणि म्हणाले, "लावा जोशीबुवा, काऊन थांबले?"

जोशींनी वाटीत पाहिले. वाटी रिकामी होती.

"मी बाद," ते म्हणाले, आणि घास गिळला.

पुढच्या रविवारी गजाननरावांनी घरची सरकी आणली. हे कोणीच खाऊ शकत नाही, अशी त्यांनी खात्री दिली. शेजारच्या शेळीला ती खात्री कोणी कळवली नव्हती. आम्ही चहासाठी आत गेलो आणि बाहेर आलो तेव्हा सर्वांत जास्त सरकी तिच्याजवळ होती. त्या रविवारचा फराळ कोणी ठरवायचा, यावर बराच वाद झाला.

* * *

त्याच सुमारास सुधा जिंकू लागली. एकदा नव्हे, रविवारमागून रविवार.

पोकर ज्यांना ठाऊक नाही, त्यांच्यासाठी सांगते. तुम्ही चिप्स पुढे सारायच्या. समोरच्याने तेवढ्याच टाकल्या, तर पत्ते उघडायचे. त्याने माघार घेऊन पत्ते टाकले, तर तुम्ही जिंकलात, आणि तुमचे पत्ते दाखवण्याचे बंधन तुमच्यावर नाही. म्हणून सगळे लक्ष माणसावर ठेवायचे असते. मिलिंदने आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवले होते, "चिप्स टाकताना हात थरथरला की समजायचं, पत्ते जबरदस्त आहेत. तिथे अडायचं नाही."

सुधाचा हात थरथरत होता. आम्ही तिघेही शहाण्यासारखे माघार घेत होतो आणि दर रविवारी तिच्या आवडीचा फराळ करत होतो. जोशींना तर पाटवडी करता येऊ लागली.

मग एकदा खेळ आटोपल्यावर मी तिच्या हातात चहा दिला. कप बशीवर वाजू लागला. टेबलावर एकही पत्ता नव्हता.

जोशी रिकामे टेबल पुसत राहिले. शेवटी गजाननराव म्हणाले, "सुधाताई, कपात बी एक्के हायेत काय जी?"

हसली ती एकटीच. पुढे डॉक्टर झाले, गोळ्या सुरू झाल्या. मिलिंदचे फोन रोज येऊ लागले.

* * *

सरकीनंतर मी बाजारातून प्लास्टिकच्या चिप्सचा डबा आणला होता. वजनाने बटणासारख्या, कडा गुळगुळीत. आता खऱ्या चिप्स आल्या म्हणून मी एक नियमही केला: डाव संपला की प्रत्येकाने आपल्या चिप्सचा मनोरा स्वतःच्या हाताने रचायचा. कोणाजवळ किती, हे सर्वांना दिसले पाहिजे. मनोरा पडला, तर वरची चिप डब्यात जमा.

उन्हाळ्यात कूलर लावावा, तर सगळ्यांचेच मनोरे डुलत. बंद करावा, तर माणसे डुलत. पण कूलर बंद असतानाही सुधाचा मनोरा पडे. ती रचे, तो पडे, ती पुन्हा रचे. मी म्हटले, हा नियम काढून टाकू. तिने मान वर केली नाही.

पुढच्या रविवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही.

मी तिच्या घरी गेले. ती खिडकीशी बसली होती. मिलिंद म्हणतो, दिवाळीनंतर पुण्यालाच चल; इथे आता कोणासाठी राहायचे? तिने हे मला दुसऱ्या कोणाची बातमी सांगावी तसे सांगितले. तिथे सातव्या मजल्यावर घर आहे, लिफ्ट आहे, दिवसभर सोबतीला बाई ठेवणार आहे. "आणि खरं सांगू, मालती? टेबलाशी खेळायला बसता येत होतं तोवर त्याला नाही म्हणायला मला तोंड होतं."

"नियम मी केला आहे, मी बदलते," मी म्हटले.

"माझ्यासाठी नियम वाकवलास, तर पुण्याला जायला मी दिवाळीची वाटही पाहायची नाही."

मी घरी आले. त्या दिवसापासून मला एका जागी बसवेना. नियम बदलायचा नाही, तर चिप्स बदलायच्या. उभ्या राहतील अशा चिप्स जगात कुठेतरी असणारच होत्या.

* * *

गजाननराव म्हणाले, विकत कशाला आणायच्या? अमडापूरला त्यांचा सुतार आहे, सागवान घरचे आहे. पंधरवड्यात त्यांनी लाकडी चकत्यांचे पोते आणले. देखण्या होत्या, हातात धरल्या की सोडवत नव्हत्या. पण एक जाड, एक पातळ, आणि श्रावणात पाणी पिऊन प्रत्येक चकती आपापल्या मर्जीने फुगली. मनोरा रचला, तर तो तिसऱ्याच चकतीला मान वळवून रस्त्याकडे पाही.

"वापस नेतो," गजाननराव म्हणाले. "माही मेहनत वाया जात नाही."

खरेच गेली नाही. आता त्यांच्या घरी पाणी मागावे, तर प्रत्येक पेल्यावर सागवानी झाकण असते.

मग जोशींनी सूत्रे हाती घेतली. मोबाईलवर पाहून त्यांनी एक ॲल्युमिनियमची पेटी मागवली. चिप जितकी जड तितकी चांगली, असा त्यांचा सिद्धान्त. आणि या चिप्सच्या पोटात धातूची चकती होती. पेटी उघडली तेव्हा आम्ही क्षणभर दबून गेलो. काय तो आवाज, काय ती चकाकी! पण चकाकी म्हणजेच घसरण. कचोरीच्या तेलाचे बोट लागले की त्या तूप चोपडल्यासारख्या निसटत. त्यातून मधला कागदी शिक्का किंचित उंच, त्यामुळे वरची चिप खालच्या चिपेवर बसत नसे, टेकत असे.

पेटी परत न्यायला आलेल्या माणसाने कारण विचारले. जोशी म्हणाले, "वस्तू उत्तम आहे. आम्हाला बसणारी हवी होती."

* * *

यानंतर मी परीक्षा पद्धतशीर घ्यायचे ठरवले. तीन ठिकाणांहून नमुन्याच्या चिप्स मागवल्या. फरशीवर टाकून आवाज ऐकला, हळदीचा हात लावून डाग पाहिला, अंगठ्याने कडा तपासल्या. पण खरी कसोटी थरथरत्या हाताची होती, आणि थरथरता हात मागायला जायची माझी हिंमत नव्हती.

उपाय गजाननरावांना सुचला. जोशींनी मनोरा रचायचा आणि रचताना गजाननरावांनी त्यांचा कोपर धरून हलवायचा. मी समोर घड्याळ घेऊन बसायचे.

"हळू हलवा," मी सांगितले. "तुम्ही बोरीचे झाड हलवत नाही आहात."

"बाई, हे जोशी आखडून बसले. सैल सोडत नाहीत."

"अहो, पण खांदा निखळेल माझा," जोशी म्हणाले.

"निखळू द्या," मी म्हटले. "मनोरा पाहा."

तेवढ्यात माझे लक्ष दाराकडे गेले. सुधा उभी होती. किती वेळ उभी होती, कोण जाणे. गजाननरावांच्या हातात अजून जोशींचा कोपर होता. तो सोडावा की हलवत राहावे, हे त्यांना कळेना, म्हणून ते बारीक हलवत राहिले.

सुधा आत आली. तिने खुर्ची ओढली आणि जोशींच्या पुढ्यातल्या चिप्स आपल्याकडे घेतल्या.

"इतका नाही हलत माझा," ती म्हणाली. "द्या इकडे. काहीतरीच परीक्षा घेता आहात."

त्या दुपारी निवड तिनेच केली. सिरॅमिकच्या, मध्यम वजनाच्या, पाठ-पोट दोन्ही सपाट, खडूसारखा खरखरीत स्पर्श. एकीवर एक ठेवली की ती दुसरीला धरून राही. रंगांबाबत तर तिने माझेही ऐकले नाही. निळी आणि जांभळी दिव्याखाली एकच दिसतात म्हणून जांभळी रद्द केली, पिवळा हळकुंडासारखा हवा म्हणाली, आणि मिळेपर्यंत दोन नमुने परत पाठवले. संच आला त्या रविवारी तिने मनोरा रचला. वेळ लागला. आम्ही तिघेही उगाच पडवीच्या छताकडे पाहत होतो. मनोरा उभा राहिला.

"वर काय आहे?" तिने विचारले. "पाल आहे का?"

* * *

दिवाळीला मिलिंद गाडी घेऊन आला. आईची बॅग त्याने स्वतः भरली आणि दाराशी आणून ठेवली. निघायचे सोमवारी सकाळी. रविवारी तो आईबरोबर माझ्याकडे आला, तो मला नमस्कार करायला. हा माझाच विद्यार्थी. शाळेत होता तसाच, म्हणजे समजूतदार, आणि आपण समजूतदार आहोत हे पुरते ठाऊक असलेला.

त्याने मला बाजूला घेऊन सांगितले, की आईचा हात पाहून त्याला झोप लागत नाही. मी त्याला पत्ते वाटले.

खेळ रंगला. आधी जोशी बाद झाले, मग गजाननराव, मग मी. मायलेक उरले. सुधाजवळ चिप्स कमी होत्या. प्रत्येकी दोन पत्ते वाटून झाले. तिने आपले पाहिले आणि पालथे ठेवले.

"मिलिंद," ती म्हणाली, "हा डाव मी हरले, तर उद्या गाडीत बसते. पुन्हा नाही म्हणायची नाही. तू हरलास, तर पुढच्या दिवाळीपर्यंत हा विषय काढायचा नाही."

"आई, असल्या गोष्टी पत्त्यांवर ठरवतात का?"

"मग कशावर ठरवतात? बॅग भरून?"

मिलिंदने माझ्याकडे पाहिले. मी पत्त्यांकडे पाहिले. "बरं," तो म्हणाला.

सुधाने आपल्या साऱ्या चिप्सचा मनोरा सारला नाही, उचलला. एका हाताने, तळाच्या चिपेला अंगठा आणि दोन बोटे लावून. टेबलावरून तो मध्यापर्यंत नेला आणि ठेवला. फळ्यावर वर्तुळ पुरे करून खडू खाली ठेवावा, तसा. एक चिपही सरकली नाही.

मिलिंद आईच्या चेहऱ्याकडे पाहतच नव्हता. तो हाताकडे पाहत होता. हात टेबलावर होता आणि स्वस्थ होता. त्याने आम्हाला शिकवले होते त्यात याचा अर्थ कुठेच नव्हता. जोशींचे तोंड हलायचे थांबले. बाहेर कोणाची तरी मोटारसायकल सुरू होत होती, होत नव्हती.

मग मिलिंदने माघार घेतली. नियम असा आहे, की टाकलेले पत्ते पालथे टाकावेत. त्याने ते उघडे टाकले. दोन राजे होते.

"बाप रे," गजाननराव म्हणाले, "राजे घेऊन कोनी उठते काय?"

मिलिंदने त्यांना उत्तर दिले नाही. सुधाने आपले पत्ते पालथेच माझ्याकडे सरकवले. गड्डी गोळा करायचे काम माझे. मी ते तसेच गड्डीत मिसळले आणि पिसले. गजाननरावांनी फाटकापर्यंत विचारले, "बाई, तुमाले तं दिसले असतीन?" मी त्यांना पुढच्या रविवारी वेळेवर यायला सांगितले.

सोमवारी सकाळी मिलिंदने हरणाऱ्याचे कर्तव्य केले. आईच्या स्वयंपाकघरात त्याने मुंगवडे तळले, निम्मे जाळले, आम्ही सगळे खाल्ले. आईची बॅग पुन्हा घरात गेली. तो गाडीत बसला, काच खाली केली आणि आईला म्हणाला, "आता निदान एवढं तरी सांग. काय होतं तुझ्याजवळ?"

सुधाने खिडकीवर हात ठेवला.

"पाहायचं असेल तर तेवढ्याच चिप्स टाकाव्या लागतात," ती म्हणाली. "तूच शिकवलंस."