बुटका केलेला बार

नॉर्बर्ट झास्ट्रो माझा शेजारी. कागदाच्या गिरणीत यंत्रांची देखभाल करण्यात त्याची सगळी हयात गेली. फॉक्स नदीकाठच्या आमच्या गावात त्याचं तळघर नावाजलेलं होतं. भिंतींना गडद लाकडी फळ्या, खाली तपकिरी गालिचा आणि एका बाजूला त्याने व त्याच्या बायकोने, अर्लिनने, मिळून बांधलेला ओकच्या लाकडाचा उंच ओटा, म्हणजे त्यांचा घरचा बार. बारच्या वर त्यानेच पकडलेला, पेंढा भरलेला, जबडा वासलेला मोठा मस्की मासा. शुक्रवारी संध्याकाळी, गावच्या प्रथेप्रमाणे मासे खाऊन झाले की नॉर्ब, आमचा मित्र ड्वेन आणि मी तिथे पत्ते कुटायचो. अर्लिन गेल्यानंतरचा पहिला शुक्रवारही आम्ही तिथेच काढला. पत्ते नेहमीसारखेच वाटले गेले.

गेल्या हिवाळ्यात त्याची मुलगी मार्नी नवऱ्यापासून वेगळी झाली आणि दोन मुलांना घेऊन बापाकडे राहायला आली. ओपल पाच वर्षांची, वेस नुकता चालायला लागलेला. मार्नी वृद्धाश्रमात नर्स, त्यामुळे दिवसभर मुलं आजोबांकडे.

एप्रिलमध्ये टोर्नेडोचा भोंगा वाजला. भोंगा वाजला की तळघर गाठायचं, हे आम्हाला शाळेपासून शिकवतात. आणि भोंगा वाजला की गावातले यच्चयावत पुरुष आधी व्हरांड्यात येऊन, हाताची घडी घालून, आभाळ बघत उभे राहतात. मी माझ्या व्हरांड्यात होतो, नॉर्ब त्याच्या. मनसोक्त आभाळ बघून तो आत गेला, तर ओपल स्वयंपाकघरातल्या टेबलाचा पाय घट्ट धरून बसलेली.

"मी नाही खाली येणार! तिथे तो मासा आहे! आणि जमीन गुरगुरते!"

एका कडेवर वेस, दुसऱ्या हाताने ही ओढाताण. शेवटी नॉर्बही टेबलाखाली शिरला. वादळ उत्तरेकडून निघून जाईपर्यंत तिघंही तिथेच होते.

दुसऱ्या दिवशी तो कुंपणापाशी आला. "लायल, तळघर मुलांना देऊन टाकतोय. खेळायला."

"सगळं?"

"सगळं. पुढचं वादळ बाजूने जाईल कशावरून? तिला ओढून न्यायची वेळच यायला नको. आपणहून खाली गेली पाहिजे."

मी कामाचा क्रम लावून दिला: आधी प्लगची भोकं झाकायची, मग रंग, गालिचा सगळ्यात शेवटी. त्याने तो तंतोतंत पाळला, याबद्दल मी त्याचा ऋणी आहे. माझं असं कुणी ऐकत नाही.

मासा गॅरेजमध्ये गेला.

"बिचाऱ्याचा गुन्हा काय?" ड्वेनने विचारलं.

"दात," नॉर्ब म्हणाला.

फळ्यांना फिकट पिवळा रंग लागला. कोपऱ्यातल्या खड्ड्यात पाणी उपसणारा पंप होता. जमीन गुरगुरते ती त्याच्यामुळे, पण तो काही हलवता येईना. नॉर्बने ओपलला वरच्या पायरीवर बसवलं, झाकण काढलं आणि खड्ड्यात बादलीभर पाणी ओतलं. पंप गुरगुरला.

"बघ, पाणी पितोय. पावसाचं सगळं पाणी हा पिऊन टाकतो, म्हणून तुझी खेळणी भिजणार नाहीत."

ओपल कितीतरी वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "याला तोंडच नाहीये." त्या संध्याकाळी तिने झाकणावर हसरं तोंड रंगवलं. खाली उतरून.

राहिला बार. तो तोडावा लागणार म्हणून ड्वेन आणि मी हातोडे घेऊन गेलो. नॉर्ब वरच्या फळीवर हात ठेवून उभा होता.

"ही अर्लिनने घासलीय," तो म्हणाला. "वरून हात लावायचा नाही. खालून कापू."

आम्ही तो खालून कापला आणि ओपलच्या छातीइतका बुटका केला. त्याचं दुकान झालं. शुक्रवारचे पत्ते तिथेच चालू राहिले, फक्त आता मुलांच्या खुर्च्यांवर.

"नॉर्ब, माझे गुडघे कानाला लागतायत रे," ड्वेन कुरकुरला.

"बरंय की. पत्ते लपवायला जागा झाली."

जूनमधल्या अशाच एका शुक्रवारी, मार्नी कामावर असताना, भोंगा वाजला. आम्ही तिघेही उठलो आणि मुलांना खाली खेळत ठेवून, सवयीने वर व्हरांड्यात गेलो. आभाळ हिरवट झालं होतं. आम्ही हाताची घडी घातली.

मागे दार उघडलं. दारात ओपल. तिनेही हाताची घडी घातलेली.

"आजोबा, दुकान उघडलंय. खाली चला."

"आलोच राणी, ढग बघतोय."

"ढग कालपण होते! मी वेसला एकटं ठेवून आलेय!"

नॉर्बचा चेहरा खर्रकन उतरला. त्याने तिला उचललं आणि तो जिना उतरला. त्याच्यामागे आम्ही दोघे, मुकाट्याने.

खाली ओपलने आम्हाला लाकडी लिंबं विकली. वर गारांचा मारा सुरू झाला आणि दिवे गेले. अंधारात बॅटरीवरचा पंप गुरगुरला.

"घाबरू नको वेस," ओपलचा आवाज आला. "तो पाणी पितोय."

शेजारच्या बुटक्या खुर्चीवर नॉर्बने नाक शिंकरलं. एरवी टोमणे मारणाऱ्या ड्वेनने चाचपडत त्याच्या हातात रुमाल दिला.

वर आलो तेव्हा समोरच्या मेपलची जाडजूड फांदी व्हरांड्याचं छप्पर फोडून, आम्ही उभे होतो त्याच जागी पडली होती. आम्ही तिघे तिच्याकडे बघत राहिलो. आज मी धड घरी जाणार आहे तो एका पाच वर्षांच्या मुलीमुळे, एवढंच मनात येत होतं.

नॉर्ब आभार मानणाऱ्यांतला माणूस नाही. पण तो परत खाली गेला, बारमागे उभ्या ओपलसमोर गुडघे टेकून बसला आणि म्हणाला, "फार आभार, बाईसाहेब. अजून एक लिंबू मिळेल?"

"लिंबं संपली," ओपल म्हणाली. "उद्या या."

"येतो," नॉर्ब म्हणाला.