दुसऱ्याने सोडलेली माणसं

लीथ हॉकिंग अकरा दिवस अमेरिकेत बेसबॉलच्या सगळ्यात वरच्या पातळीवरच्या संघात होता, हे अॅडलेडमधल्या लार्ग्स बेच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. त्या अकरा दिवसांत त्याने एकही चेंडू टाकला नाही, हेसुद्धा. चार वेळा त्याला उठवलं, चारही वेळा त्याने कडेला उभं राहून हात गरम केला आणि चारही वेळा 'बस खाली' असा निरोप आला. तो कायमचा अॅडलेडला परतला तेव्हा शेजारच्या केव्हने कुंपणावरून विचारलं, "मग, खेळलास का रे?"

"गरम झालो होतो," लीथ म्हणाला.

त्यावर सगळ्यात मोठ्याने हसली ती त्याची आई, मर्लबाई. मग घरात जाऊन तिने नळ सोडला आणि बराच वेळ एकच कप धुतला.

एकोणिसाव्या वर्षी गेलेला मुलगा सत्ताविसाव्या वर्षी परत आला, तो फ्रीज आणि कूलर दुरुस्त करायला लागला. आठवडाभर लोकांच्या छपरांवर आणि खाटकांच्या थंड खोल्यांत, शनिवार-रविवारी मैदानावर. अशी अकरा वर्षं झाली. मैदानावर मर्लबाई असायचीच. क्लबची नोंदवही गेली एकतीस वर्षं तिच्याकडे होती. मुलाच्या सामन्याची नोंद आईने ठेवावी का, असं कुणीतरी एकदा कुजबुजलं होतं. त्याच रविवारी लीथच्या हातून निसटलेला एक चेंडू तिने त्याचीच चूक म्हणून असा कडक लिहिला, की पुन्हा कुणी तोंड उघडलं नाही. लीथ मात्र घरी येऊन म्हणाला, "आई, पंचांना तरी दया आली असती!"

सामना सुरू करण्याचा मान लीथला कधी मिळाला नाही. सुरुवात करणारा दमला, दुसरा चुकला, की लीथला हाक. एकाने सांडायचं आणि दुसऱ्याने पुसायचं, असं हे काम. शिवाय त्यात एक गंमत आहे. आधीच्या पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, बेसवर सोडलेली माणसं धावत घरी, म्हणजे शेवटच्या बेसवर, पोहोचली, तर त्या धावा आधीच्याच्याच नावावर लागतात. नंतर आलेल्याने त्यांना अडवलं काय आणि सोडलं काय, त्याच्या रकान्यात शून्यच. मर्लबाईला हे फार लागायचं. लीथने आयुष्यात किती माणसं अडवली, हे कोणत्याच छापील तक्त्यात नव्हतं.

तो अडतीस वर्षांचा झाला त्या उन्हाळ्यात राष्ट्रीय संघ तैपेईला जायचा होता. हिरव्या-सोनेरी रंगाचा तो शर्ट लीथने कधी घातला नव्हता. संघात एकच जागा उरली होती, आणि ती मधेच येऊन सांभाळणाऱ्या पिचरची. तिच्यासाठी नावंही दोनच, दोन्ही अॅडलेडची: लीथ आणि सव्वीस वर्षांचा ब्रॉडी स्कॅन्लन. ब्रॉडी डावखुरा, तोंडाळ, देखणा. लीथला तो 'पेन्शनर' म्हणायचा.

"पेन्शनर, गुडघ्याला तेल लावलंस का?"

"तुझ्या जिभेला लावलंय, त्यातलंच उरलं तर लावतो."

नऊ इनिंगमागे पिचर किती धावा देतो, ती सरासरी निवडीला धरायची असं ठरलं होतं. ती जितकी कमी तितकं चांगलं. ब्रॉडीची होती दोन पूर्णांक एकसष्ट, लीथची दोन पूर्णांक नव्वद. मर्लबाईने एकाहत्तराव्या वर्षी पासपोर्ट नवा करून घेतला आणि कुणाला सांगितलं नाही.

निवडीआधीचा शेवटचा सामना रविवारी दुपारी, पर्थच्या संघाशी. एक्केचाळीस डिग्री ऊन. निवड समितीची दोन माणसं पंचांच्या मागे जाळीशी बसलेली, हातात आइस कॉफी. आठव्या इनिंगला अॅडलेडकडे सात धावा आणि पर्थकडे दोन. पाच धावांची आघाडी म्हणजे सामना जवळजवळ खिशात. ब्रॉडी चेंडू टाकायला आला आणि त्याचं काय बिनसलं कोण जाणे. पहिल्याला बाहेरचे चेंडू टाकून फुकट बेस दिला, दुसऱ्याने चेंडू मधून काढून बेस गाठला, तिसऱ्याला पुन्हा फुकट बेस. तिन्ही बेस भरलेले, आऊट एकही नाही. मॅनेजर टेरी चालत गेला, त्याने हात पुढे केला. ब्रॉडीने चेंडू त्यात टाकला आणि मान खाली घालून बाहेर आला.

लीथ आत आला.

मर्लबाईच्या हातातली पेन्सिल थांबली. एकतीस वर्षांत तिला कधी आकडेमोडीसाठी कागद लागला नव्हता. लीथने तीन आऊट घेऊन ही इनिंग स्वतःच्या नावावर धाव न लावता संपवली, तर तो दोन पूर्णांक एक्याऐंशीवर येणार. आणि ब्रॉडीच्या त्या तिघांपैकी एक जरी घरी पोहोचला, तरी ब्रॉडी जाणार दोन पूर्णांक नव्वदवर. एकच धाव! तीही लीथच्या नावावर न लागणारी.

येऊ दे रे एक, असं तिच्या मनात आलं. आलं आणि तिची तिलाच शरम वाटली. तरीही ते मनातून जाईना.

त्यात कपटही नव्हतं. पाच धावा हातात असताना शहाणा संघ हेच करतो. टेरीनेसुद्धा खूण केली, बेसजवळच्या आतल्या चौघांनी मागे सरकून उभं राहायचं. चेंडू जमिनीवरून आला की दोन आऊट घ्यायचे आणि एकाला घरी जाऊ द्यायचं. चौघं मागे सरकले.

लीथने त्यांच्याकडे बघितलं, हातमोजा उंचावला आणि चौघांना पुढे बोलावलं. पार गवताच्या कडेपर्यंत. पुढे आणलेल्या माणसांच्या मधून चेंडू निसटला तर दोन-तीन धावा जातील. पण हातात आला, तर कुणालाही घरी जाता येणार नाही.

"अरे ए!" टेरी ओरडला. "पाचने पुढे आहोत आपण! उन्हाने डोकं फिरलं का तुझं?"

लीथने पुन्हा हातमोजा हलवला. पुढे या.

तो हे का करतोय, ते सगळ्या मैदानात एकट्या मर्लबाईला कळलं. तिला रागच जास्त आला. "गाढवा," ती पुटपुटली, "गाढवा रे माझ्या."

पहिल्या फलंदाजाने चेंडू तिसऱ्या बेसवाल्याकडे जोरात मारला. तो पुढे होता म्हणूनच चेंडू हातात बसला. फेक थेट घरच्या बेसवर, माणूस आऊट. बेस पुन्हा भरलेले. दुसऱ्याला लीथने खाली बुडणारे तीन चेंडू दाखवले, त्याने तिन्हींवर हवाच कापली, तोही आऊट. तिसरा मात्र चिवट. सात, आठ, नऊ चेंडू त्याने नुसते रेषेबाहेर तटवले. दहावा चेंडू पहिल्या बेसवाल्याच्या उजव्या हाताला घरंगळत गेला. तो चेंडू घ्यायला धावला आणि बेस उघडा पडला.

त्या बेसवर पोहोचायचं काम पिचरचं. अडतीस वर्षांचे ते पाय, आठवडाभर शिड्या चढलेले. मर्लबाई उभी राहिली. नोंद ठेवणाऱ्याने उभं राहायचं नसतं. लीथने धावता धावता त्याने फेकलेला चेंडू झेलला आणि फलंदाजाच्या आधी, वीतभर आधी, बेसवर पाय ठेवला.

तिसरा आऊट. ब्रॉडीच्या तिघांतलं कुणीच घरी पोहोचलं नाही.

टेरी बाकाशी वाट बघत होता. "कारण सांग. एकच."

"ती माझी माणसं नव्हती, टेरी," लीथ टॉवेलने मान पुसत म्हणाला. "माझी असती तर एक सोडला असता."

मंगळवारी यादी आली. ब्रॉडी स्कॅन्लन. मर्लबाईने फोन लावला तेव्हा लीथ कुणाच्या तरी छपरावर होता.

"पस्तावलास का?"

"पस्तावलो ना. सकाळी टोपी विसरलो, टाळू भाजतेय." मग म्हणाला, "तो चांगला टाकतो गं, आई. त्याची सरासरी खरी आहे. माझ्या हातून ती खोटी झाली असती, तर तिथे जाऊन मी काय तोंडाने उभा राहिलो असतो?"

तिने फोन ठेवला, मनसोक्त रडून घेतलं आणि तोंड धुतलं.

गुरुवारी दारात ब्रॉडी उभा. हातात बेकरीचा खोका, टोपी काखेत. मर्लबाईने त्याला असा ओशाळलेला कधी पाहिला नव्हता.

"मिसेस हॉकिंग, ते पान बघू का? रविवारचं?"

तिने वही उघडून त्याच्यासमोर ठेवली. त्याने बोटाने एकेक चौकट तपासली. आपण बेसवर सोडलेली तीन नावं, तिन्हींच्या पुढे धावेची जागा रिकामी.

"मला वाटलं म्हाताऱ्याला खूण समजली नाही," तो म्हणाला. "काल टेरीने सांगितलं तेव्हा कळलं." मग मान वर न करता म्हणाला, "मी असतो ना, तर त्यांना मागेच ठेवलं असतं."

"माहीत आहे," मर्लबाई म्हणाली. "म्हणून तर मी त्याची आई आहे, तुझी नाही. बस आता. चहात दूध किती?"