बिनभात्याची पेटी

किस्से कुणी ठरवून गोळा करत नाही. तीच ती माणसं दर सुट्टीला एका खोलीत बसली, की पुढचं आपोआप होतं. आमच्या खोलीत तर त्यात एक टॅब येऊन पडला. मग काय विचारता!

आधी माणसं सांगतो. आप्पा गाणार. राहायला निमोण्याला, पूर्वी घरी मेंढरं होती, आता ऊस आणि कांदा. कुरकुंभला आमच्याच कंपनीच्या गेटवर होते, रिटायर झाले तरी सुट्टीच्या दिवशी न चुकता दौंडला येतात. सलीममामा पेटीवर. ते मेंटेनन्सला. मी संजू, तबल्यावर. झांजेला ज्याचा वीकली ऑफ असेल तो! बसायची जागा मामांच्या घराची पुढची खोली, आणि चहा मामींचा.

उन्हाळ्यात मामांना अर्धांगाचा झटका आला. नशीब, वेळेत दवाखाना गाठला. बोलणं-चालणं सगळं जागेवर आलं, फक्त डावा हात राहिला. आता पेटीवाल्याचा उजवा हात सूर वाजवतो आणि डावा भाता मारतो, म्हणजे पेटीत हवा भरतो. हवा नाही तर सूर नाही! व्यायाम शिकवायला येणारा डॉक्टर एक रबरी चेंडू देऊन गेला होता. "दाबत राहा, वेळ लागेल." मामा चेंडू धरून बसायचे आणि कोपऱ्यातल्या पेटीकडे बघायचेसुद्धा नाहीत.

त्यातच दिवाळीनंतर कवठे येमाईला आप्पांच्या लेकीच्या नव्या घराची वास्तुशांत ठरली. भजन आमचं. आप्पांनी सांगून टाकलं, "सलीम पेटीवर बसला तर मी गाणार. न्हाईतर लेकीला सांगतो, डीजे बोलाव!"

*

पहिला उपाय मीच काढला. मामांनी उजव्या हातानं वाजवायचं आणि मी समोर बसून भाता मारायचा. ऐकायला किती सोपं!

मामा सूर लांबवायला जायचे, तेवढ्यात माझी हवा संपलेली. मामा थांबायचे, तर माझा भाता चालूच. पेटीला धाप लागली, उचकी लागली, मध्येच ती चक्क ओरडली.

आप्पांनी डोळे मिटून सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "संजू, भजन चाललंय का सायकलीत हवा भरतोयस?"

मामा हसले. दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा हसले! मग म्हणाले, "हवा आन् बोटं एकाच माणसाची लागत्यात रे. हितं नवरा-बायकोचं जमंना, तुझंमाझं कुठनं जमायचं?"

आत मामींनी पातेलं जरा जोरात ठेवलं.

*

कंपनीच्या सेफ्टी वीकमध्ये घोषवाक्याच्या स्पर्धेत मला टॅब मिळाला होता. (घोषवाक्य बायकोचं होतं, पण ते सोडा.) तो घरी नुसता पडून होता. माझ्या डोक्यात आलं, टॅबवर पेटीचं ॲप घेतलं तर? टॅबला हवा कशाला लागतेय!

शोधायला गेलो तर पेट्याच पेट्या. कुठलं घ्यायचं? लग्नाला मुलगी बघताना जे करतात तेच केलं, फोटो बघितला आणि पसंत केलं. सागवानी रंगाची देखणी पेटी, पितळी खुंट्या, सगळं अस्सल. टॅब पाटावर ठेवला, मामांनी बिस्मिल्ला म्हणून पट्टीवर बोट टेकवलं.

आवाज नाही.

मी आवाज वाढवला. मामांनी पुन्हा बोट टेकवलं. तरी नाही. शेवटी कोपऱ्यातलं प्रश्नचिन्ह दाबून सूचना वाचल्या. वाजवताना दुसऱ्या हाताच्या बोटानं पडद्यावरचा भाता सतत पुढं-मागं ओढायचा होता! बनवणाऱ्याला म्हणे अगदी खऱ्या पेटीचा अनुभव द्यायचा होता.

मग आप्पा म्हणाले, "ज्याच्या भ्यानं गाव सोडलं, त्योच मुक्कामाला हजर!"

*

दुसऱ्या ॲपला भाता नव्हता. जाहिराती होत्या.

मामांचा सूर लागला, आप्पांनी आलाप घेतला, गाणं असं रंगात आलं, की टॅबमधून एक बाई खणखणीत आवाजात म्हणाली, "क्या आप के बाल झड़ रहे हैं?"

आप्पा गाता गाता थांबले. डोक्यावरचा पटका काढला. खाली एकही केस नाही! टॅबकडे बघून ते म्हणाले, "व्हय बाई, पर तू लई उशिरा आलीस."

त्या दिवशी पुढं काही झालं नाही. आप्पांनी गायला तोंड उघडलं की झांजेवाला हसायचा. इंटरनेट बंद केलं की जाहिराती बंद होतात, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. तेव्हापासून सराव फ्लाइट मोडवर. आप्पा आल्या आल्या विचारायचे, "पेटी इमानात बसली का?"

*

ढोलाचंही एक ॲप आणलं होतं. आप्पा भजनानंतर एखादी धनगरी ओवी म्हणतात, आणि आमच्याकडे ढोलाला माणूस नव्हता. ॲपच्या यादीत 'ढोल' असं स्वच्छ लिहिलेलं. मी दाबलं. आप्पांनी कानावर हात ठेवून ओवी उचलली, आणि खालून सुरू झाला फक्कड पंजाबी ढोल! झांजेवाल्याचे खांदे आपोआप उडायला लागले.

आप्पांनी पहिली ओळ तशीच रेटून पुरी केली, हा त्यांचा मोठेपणा. मग म्हणाले, "आरं, या तालावर मेंढरं चालत न्हाईत. ट्रक चालत्यात!"

ते ॲप मी तिथल्या तिथं काढून टाकलं.

*

आता काळी दोनचं प्रकरण.

आमच्यात गाणारा आपला सूर पेटीवरच्या पट्टीवरून सांगतो. आप्पांची पट्टी काळी दोन, म्हणजे काळ्या पट्ट्यांतली दुसरी. मामांची बोटं पेटीवर ती न बघता शोधायची. पण एका सुट्टीच्या दिवशी मामा गोळी घ्यायला आत गेले होते आणि मला दम धरवेना. मी टॅबवर डावीकडून दोन काळ्या मोजल्या, दुसरीवर बोट ठेवलं आणि म्हटलं, "घ्या आप्पा, काळी दोन!"

आप्पांनी विश्वासानं सूर उचलला. वर गेले, आणखी वर गेले, मानेच्या शिरा फुगल्या, पटका मागं सरकला.

आतून मामींनी विचारलं, "संजू, कोण बाई आल्यात गायला? चहा वाढवू का?"

मामा धावत बाहेर आले. टॅबवरची पेटी मधूनच सुरू होत होती, आणि मी आप्पांना काळी चार दिली होती. बायकांची पट्टी!

पुन्हा असं नको म्हणून मी बायकोकडून टिकल्यांचं पाकीट आणलं आणि खऱ्या काळी दोनवर काचेवरच एक लाल टिकली लावली. झकास. मामा वाजवायला बसले. बोट जरा घसरलं, आणि पडद्यावरची अख्खी पेटी डावीकडं सरकली. टिकली होती तिथंच! मामांनी टिकली बघून बोट ठेवलं, सूर निघाला भलताच.

आप्पांनी वाकून बघितलं. "टिकली जाग्यावर हाय, पर बाई माहेराला गेली!"

आम्ही सगळे पोट धरून हसलो. मामा हसले नाहीत. त्यांनी टॅब पालथा घातला.

*

"पुरं झालं," मामा म्हणाले. "काचंवर बोटं घासून पेटी व्हत न्हाई. संजू, टॅब पोराला दे गेम खेळाया. वास्तुशांतीला दुसरा पेटीवाला बघा."

मला खरंच भीती वाटली. माणूस एकदा असं म्हणाला की पुन्हा बसत नाही, आणि मामा पेटीवरून उठले की त्यांच्याकडे तो चेंडू तेवढा उरणार होता.

आप्पांनी पटका सारखा केला. "बरं. मंग म्या लेकीला दुसरा गाणारा बघाय सांगतो."

"आप्पा, तुम्ही कशाला..." मामा म्हणाले.

"माझी काळी दोन तुझ्याबिगर कुणाला घावतीय?"

मामी चहा घेऊन आल्या, ट्रे खाली ठेवला आणि मामांना म्हणाल्या, "पेटीवाला दुसरा, गाणारा दुसरा. मग चहावालीपण दुसरी बघा. मी मोकळी!"

मामांनी ट्रे बाजूला सरकवला. मग उजवा हात पुढं केला. "आण तो टॅब हिकडं."

हुश्श!

त्या दिवशी मामांनी स्वतः ॲप निवडलं. मी सहा दाखवली. त्यांनी घेतलं ते सगळ्यात कळकट. लाकूड नाही, पितळ नाही, राखाडी ठोकळ्यांवर मोठ्या पट्ट्या आणि एक कुलपाचं चित्र. ते दाबलं की पेटी जागची हलत नाही. मी म्हटलं, "मामा, दिसायला काहीच नाही हो हे."

मामा म्हणाले, "मी तरी कुठं हाय?"

*

वास्तुशांतीच्या दिवशी स्पीकर ब्लूटूथनं जोडायचा होता. यादीत दोन नावं दिसली, मी वरचं दाबलं. मामांनी सूर धरला. आमच्या स्पीकरमध्ये चिडीचूप, आणि पेटी मात्र कुठूनतरी लांबून ऐकू येतेय! बाहेर रस्त्याला उसाचा ट्रॅक्टर उभा होता. ड्रायव्हर खाली उतरून आपल्या स्पीकरकडे बघत होता. त्यानं एकदा कपाळाला हात लावून नमस्कार केला आणि ट्रॅक्टर चालू केला. आप्पांची लेक पळत गेली तेव्हा कुठे तो थांबला.

*

दिवेलागणीला भजन सुरू झालं. टॅब पाटावर, मामा मधोमध, त्यांच्या डावीकडं माइकसमोर आप्पा, उजवीकडं मी. बायकांत मामी बसलेल्या. पट्टी काळी दोन, पेटी जागेवर, इंटरनेट बंद. मी मनातल्या मनात सगळ्या देवांना एकेक नारळ कबूल करून टाकला होता.

मामांनी डोळे मिटले आणि सूर धरला. ट्रॅक्टरवाल्यालाही पटला तो आम्हाला न पटायला काय झालं! आप्पा पहिल्या कडव्यातच असे रंगले, की मंडपातली पोरंसुद्धा गप्प बसली. दुसऱ्या कडव्याला त्यांनी वरचा सूर लांबवला. मी सहज बघितलं, तर आप्पांचे खांदे हलत होते. मला वाटलं, म्हातारा रडतोय.

मग दिसलं. मांडीवर मेल्यासारखा पडलेला मामांचा डावा हात आप्पांच्या पाठीवर गेला होता. पंजा लागत होता आणि सुटत होता, लागत होता आणि सुटत होता, बरोबर लयीत. मामांचे डोळे मिटलेलेच. त्यांना पत्ताच नव्हता!

माझा ठेका चुकला. मामी बायकांतून उठून उभ्या राहिल्या, तोंडाला पदर लावून.

आप्पांनी सूर सोडला नाही, मान वळवली नाही. ओळ संपवली, श्वास घेतला आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असं माइकमधून म्हणाले, "थांबू नगं सलीम, भर हवा! अजून दोन कडवी हायती!"